धरणगावची भरती

जळगावहून भुसावळच्या रस्त्याला लागले की दहा किलोमीटरच्या आत नशिराबाद येते. रेल्वे आली, कापसाचा बाजार भरू लागला आणि जळगाव मोठे झाले. त्याआधी या टापूचे मुख्य गाव नशिराबादच होते. इंग्रजी अमलात बराच काळ तालुकाही त्याच्याच नावाने ओळखला जाई. काचेच्या बांगड्यांसाठी नावाजलेले, मशिदी आणि पीरांच्या कबरींचे हे नांदते गाव. नांदत्या गावाकडे लुटारूंचे लक्ष जायचेच. सातमाळ्याच्या डोंगरातून उतरणाऱ्या भिल्लांच्या टोळ्यांनी त्याला अनेकदा त्रास दिला. १८०१ मध्ये एका पुंड म्होरक्याने गाव लुटले. १८०३ च्या महादुष्काळाच्या थोडे आधी ते पुन्हा लुटले गेले आणि या वेळी लूट केली ती खुद्द पेशव्यांच्या एका अंमलदाराने.

डोंगरातला भिल्ल, मोकाट पुंड आणि सरकारी अंमलदार, तिघांनीही एकाच गावाची दारे फोडली. पुढे कागदोपत्री ‘जन्मजात चोर’ हा शिक्का मात्र तिघांपैकी एकाच्याच कपाळी बसला. १८२५ मध्ये खानदेशात याच शिक्का बसलेल्या माणसांतून शिपाई निवडायचे ठरले, तेव्हा शहाण्यासुरत्या अधिकाऱ्यांनी तो वेडेपणा ठरवला. अंगी गुण आहेत, पण माणसाची खात्री नाही. अशाला घ्यावे की टाळावे? भरती करणाऱ्या प्रत्येकापुढे येणारा हा प्रश्न खानदेशाने फार मोठ्या प्रमाणावर सोडवून पाहिला आहे.

भिल्ल गावाला परका नव्हता. खानदेशातल्या कितीतरी गावांचा जागल्या भिल्लच असे. रात्री गस्त घालायची, परक्या माणसावर नजर ठेवायची, चोरी झाली तर माग काढायचा, हे त्याचे काम. धुळीतल्या पावलावरून आणि मोडलेल्या काडीवरून तो चोर कोणत्या वाटेने गेला हे सांगे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन पोचवला की जबाबदारी त्या गावावर जाई. या कामाबद्दल त्याला धान्याचा वाटा आणि ठरलेले हक्क मिळत. डोंगरातल्या नाईकांचेही घाटवाटांवर आणि पायथ्याच्या गावांवर असेच हक्क होते. हक्क मिळत होते तोवर भिल्ल गावाची राखण करी. ते बुडाले की तोच गावावर उतरे.

१८०२ ते १८०४ या काळात ही घडी साफ विस्कटली. यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या, मागोमाग दुष्काळ आला. गावेच्या गावे ओस पडली. जिथे पीकच नाही तिथे जागल्याचा वाटा कोण देणार? पोटासाठी डोंगरात गेलेला भिल्ल टोळी करून परतला. पेशवाईच्या कारभाऱ्यांनी यावर शोधलेला उपाय लुटीपेक्षा भयंकर होता. कोपरगावला बाळाजी लक्ष्मण या सुभेदाराने भिल्लांना विश्वासाने बोलावून पकडले आणि विहिरींत लोटले. अंतूरच्या किल्ल्यावरून, माफीचा कौल घेऊन आलेल्या माणसांचा कडेलोट झाला. चाळीसगाव आणि धरणगाव इथेही अशाच कत्तली झाल्या. यापैकी धरणगाव हे नाव लक्षात ठेवायला हवे.

जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातला मुलूख इंग्रजांना दिला. पुढच्याच महिन्यात थाळनेरचा किल्ला घेताना जनरल हिस्लॉपने तिथल्या किल्लेदाराला फासावर चढवले. नव्या सरकारचा कौल कसा असेल याची चुणूक खानदेशाला पहिल्याच वर्षी मिळाली. जिल्ह्याचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला आणि त्याने ठाणे धुळ्याला केले. जमीन सुपीक होती, पण कसायला माणूस नव्हता आणि रस्त्याने निर्धास्त जाता येत नव्हते. सातमाळा, सातपुडा आणि पश्चिमेचा डोंगर अशा तिन्ही बाजूंनी टोळ्या उतरत होत्या.

ब्रिग्जने आधी बंदुकीचा मार्ग धरला. घाटवाटा अडवल्या, डोंगरात जाणारे धान्य तोडले, नाईकांच्या मागे फौजा लावल्या. १८१९ मध्ये चिल नाईकाला फाशी दिले. सोबतच शरण येणाऱ्या नाईकांना नेमणुका आणि जुन्या जागल्यांना त्यांचे हक्क परत देण्याची बोलीही केली. तरी एक नाईक पडला की दुसरा उभा राही; १८२२ मध्ये हिऱ्या नाईक उठला. गोऱ्या आणि देशी पलटणींतले शिपाई डोंगरातल्या तापाने मरत. शत्रू समोर दिसत नसे. दिसला तर हातात सापडत नसे.

मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पेशवाईच्या अखेरीपासून हा मुलूख ओळखून होता. १८२५ मध्ये त्याने डाव बदलला. खानदेशाचे तीन विभाग करून प्रत्येकावर एक भिल्ल एजंट नेमायचा, भिल्लांना तगाई, बैल आणि जमीन देऊन वसवायचे, त्यांचे तंटे एजंटाने तिथल्या तिथे मिटवायचे आणि भिल्लांचीच एक फलटण उभारायची. शेतीचा भाग सगळ्यांना पटला. फलटणीचे नाव निघताच मात्र माना हलू लागल्या. अशी फलटण उभारण्याचा विचार आधीही होऊन बारगळला होता. भिल्ल दारूडा, आळशी आणि लहरी. तो कवायत शिकणार नाही, शिकलाच तर बंदूक घेऊन डोंगरात पळेल, ही अनुभवी अधिकाऱ्यांची एकमुखी खात्री. कलेक्टर रॉबर्टसन मात्र या योजनेच्या बाजूने उभा राहिला.

या कामासाठी निवड झाली ती बावीस वर्षांच्या लेफ्टनंट जेम्स आउटरमची. बाप इंजिनिअर, मुलगा दोन वर्षांचा असताना वारलेला आणि घर कर्जात सोडून गेलेला. १८१९ मध्ये हा पोरगा हिंदुस्थानात आला तेव्हा ठेंगणा आणि किरकोळ होता. पण १८२५ मध्ये बागलाणात शिवराम नावाच्या सोनाराने साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रे दाखवून भिल्लांना उठवले, तेव्हा मालेगावच्या छावणीतून मूठभर शिपाई घेऊन आउटरमने रातोरात त्यांच्या डोंगरी ठाण्यावर छापा घातला आणि मोठी फौज यायच्या आत बंड मोडले. म्हणजे भिल्लांची फलटण उभारायला पाठवलेला माणूस नुकताच भिल्लांवर तुटून पडलेला होता. त्याला ठाणे मिळाले धरणगाव.

धरणगाव हे कापडाचे जुने पेठेचे गाव. १६७४ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांनी इथे वखार घातली होती आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली होती. भिल्लांच्या आठवणीतले धरणगाव मात्र वेगळे. बोलावून घेऊन मारले, ती जागा. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टी सांगणारे म्हातारे अजून जिवंत होते. आता त्याच गावातून नव्या सरकारचे बोलावणे आले होते: या, नोकरी देतो.

अर्थातच कोणी आले नाही.

आउटरमने छाप्यांत पकडलेल्या कैद्यांतून वाट काढली. त्यांच्या तोंडून त्यांच्या नातलगांना निरोप गेले आणि काही नाईकांशी बोलणे सुरू झाले. मग तो एकटा त्यांच्याबरोबर रानात गेला. पहारा नाही, पलटण नाही. त्यांच्यात राहिला, त्यांच्यात झोपला, आपल्याजवळची दारू त्यांना मनमुराद पाजली आणि त्यांच्यासोबत वाघाच्या मागावर हिंडला. खानदेशातल्या पुढच्या दहा वर्षांत त्याने मारलेल्या वाघांची संख्या दोनशेच्या जवळ जाते. त्या वाघांचा माग भिल्लांनीच काढलेला असे. जखमी वाघासमोर पायी उभा राहणारा साहेब त्यांनी आधी पाहिला नव्हता. शेवटी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच जण त्याच्यासोबत यायला तयार झाले. तेवढ्यांवरही फलटण उभी राहील याची आपल्याला खात्री वाटली, असे त्याने पुढे लिहून ठेवले.

या रानातल्या दिवसांकडे जरा थांबून पाहायला हवे. वरवर बघता साहेब उमेदवार पारखत होता. प्रत्यक्षात पारख उलट्या बाजूने चालली होती. भिल्लाच्या गुणांबद्दल आउटरमला काही शोधायचे नव्हते. चपळाई, काटकपणा, माग काढण्याचे कसब, अंधारात डोंगर चढण्याची ताकद हे सगळे त्याने लढाईत समोरून अनुभवले होते. सरकारच्या ताकदीबद्दल भिल्लालाही शंका नव्हती. शंका होती ती शब्दाबद्दल. हा माणूस दिलेला शब्द पाळेल का? धरणगावला नेऊन रांगेत उभे करील आणि मग काय करील? चारित्र्याचा दाखला भिल्ल मागत होते, आणि तो द्यायला साहेबाजवळ स्वतःच्या जिवाखेरीज दुसरे काही नव्हते. म्हणून तो बिनपहाऱ्याचा झोपला.

पहिले शिपाई सुखरूप आहेत, पगार हातात पडतो आहे, रजा मागितली की मिळते आहे, ही बातमी डोंगरात पोचली तशी माणसे वाढू लागली. आलेल्याच्या मागच्या आयुष्याची झडती घेण्यात आउटरमने वेळ घालवला नाही. झडती घेतली असती तर फलटण झालीच नसती. ज्या टोळ्यांनी गावे लुटली त्यांच्याच भाऊबंदांतून भरती करायची होती. त्याने शिस्तही एकदम लादली नाही. कवायत हळूहळू आणली, किरकोळ चुका पोटात घातल्या आणि तक्रार थेट आपल्याकडे आणण्याची मुभा ठेवली. मात्र गावकऱ्याला त्रास देणे किंवा हुकूम मोडणे खपवून घेतले नाही. काम दिले ते भिल्लाच्या हातचे: घाट राखायचे, खजिन्याला सोबत करायची, टोळ्यांचा माग काढायचा. ज्या अंगच्या गुणांनी तो उत्तम दरोडेखोर झाला होता तेच गुण आता पगारावर होते.

खरी कसोटी डोंगराबाहेर लागायची होती. आउटरम आपली नवी फलटण घेऊन मालेगावच्या छावणीत गेला. तिथे त्याची जुनी पलटण होती, तिच्यात उच्चवर्णीय शिपाई भरपूर. भिल्लाला शिवायलाही नाखूश असलेला समाज तो. एखादी कुत्सित हाक, एखादे हसणे, आणि सगळ्या वर्षाचे काम मातीत गेले असते. झाले उलटे. जुन्या शिपायांनी भिल्लांना आपल्यात बसवून घेतले आणि त्यांचा पाहुणचार केला. आउटरमने वरिष्ठांना हे मोठ्या समाधानाने कळवले. त्याच्या दृष्टीने लढाईतल्या कोणत्याही विजयापेक्षा हा प्रसंग मोलाचा होता. भिल्ल शिपाई होऊ शकतो हे एव्हाना कळले होते; त्याला शिपाई मानले जाते, हे त्या दिवशी कळले.

त्यानंतर फलटण वाढत गेली. १८३० मध्ये आउटरम तिला घेऊन डांगच्या जंगलात उतरला. बाहेरचे शिपाई जिथे तापाने गारद होत तिथून तो मोहीम फत्ते करून परतला. पुढच्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल-सावदा भागात दरोड्यांचा तपास त्याच्याकडे आला, तेव्हा धरपकड शेकड्यांनी झाली. त्या तपासात उघड झाले की दरोड्यांमागे नुसते डोंगरातले लोक नसतात. गावातही त्यांना सामील असणारे असतात. १८३५ मध्ये आउटरम गुजरातेत महीकांठ्याला गेला. पुढे सिंध, इराण, लखनौ अशी कीर्ती मिळवून १८६३ मध्ये वारला आणि वेस्टमिन्स्टर अॅबेत पुरला गेला. त्याच्या मागे माळव्यात आणि १८४१ मध्ये मेवाडात खानदेशाच्या नमुन्यावर भिल्लांच्या फलटणी निघाल्या.

गोष्ट इथे संपवली तर ती साहेबाच्या चरित्रातला एक गोड अध्याय ठरेल. इंग्रजी पुस्तकांनी ती तशीच संपवली आहे. पण या भरतीचा हेतू भिल्लाचे भले एवढाच नव्हता. कमी खर्चात डोंगर ताब्यात यावा, हा मूळ हेतू. भिल्लाला पगार मिळाला तो बऱ्याचदा दुसऱ्या भिल्लाला पकडण्याचा. आणि विश्वास बसला होता तो एका माणसावर. तो गेला की कारकुनी सुरू होणार, हेही उघड होते. याचा दाखला सेंधव्याच्या घाटात मिळतो.

मुंबई-आग्रा रस्त्यावरचा हा घाट राखायला इंग्रजांनी खाज्या नाईकाला नेमले होते. १८३१ पासून वीसेक वर्षे त्याने घाट चोख राखला आणि वरिष्ठांनी त्याची वाखाणणी केली. १८५१ च्या सुमारास त्याच्या ताब्यातला एक कैदी मारहाणीत मेला. खटला होऊन खाज्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा गंभीरच होता. १८५५ मध्ये कलेक्टर मॅन्सफिल्डने त्याला मुदतीआधी सोडले. १८५७ चा उठाव पेटला तशी घाटाची आठवण झाली आणि खाज्याला पुन्हा कामावर घेतले. गरज पडली म्हणून गुन्ह्याकडे काणाडोळा करून केलेली ही भरती काही महिनेही टिकली नाही. खाज्या उठावात उतरलेल्या भीमा नाईकाला जाऊन मिळाला. नोव्हेंबरमध्ये इंदूरहून येणारा सुमारे सात लाखांचा खजिना त्यांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्यांतल्या अनेकांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या गेल्या. खाज्या हाती लागला नाही. १८६० मध्ये तो दगाफटक्याने मारला गेला.

याच सुमारास अहमदनगर-नाशिकच्या बाजूला भागोजी नाईक उठला होता. तोही आधी पोलिसांत नोकरीला होता. १८५५ मध्ये दंग्याच्या आरोपावरून शिक्षा झाली, सुटून आला आणि ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोट्याजवळ त्याला पकडायला आलेला पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री त्या चकमकीत ठार झाला. दोन वर्षे भागोजी हाती लागला नाही. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नरच्या बाजूला तो लढता लढता पडला. सरकारी कागदांत हे दोघे विश्वासघातकी नोकर आहेत, डोंगरातल्या लोकांसाठी स्वातंत्र्याचे लढवय्ये. धरणगावची फलटण मात्र त्या धामधुमीत सरकारच्या बाजूने उभी राहिली. माणसे एकाच समाजातली, गुणही तेच, वर्षही तेच. फरक होता तो भरतीनंतरच्या वागणुकीचा. फलटणीत पगार, तक्रारीची वाट आणि मान यांची घडी तीस वर्षे टिकली होती. खाज्याला परत बोलावले ते केवळ घाटासाठी. तुरुंगातल्या वर्षांचे काय, याचा हिशोब कोणी त्याच्याशी केला नव्हता.

या अनुभवातून सरकारने काढलेला धडा मात्र चमत्कारिक होता. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आधी उत्तर हिंदुस्थानात आणि पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. अमक्या जमातीत जन्म झाला एवढ्यावर माणसाचे चारित्र्य ठरवायचे, त्याची हजेरी घ्यायची, त्याला गाव सोडू द्यायचे नाही, असा तो कायदा. सगळ्या भिल्लांवर तो लागला नाही. पण ज्या राज्याने धरणगावला कोणाचा पूर्वेतिहास न विचारता फलटण उभारली त्याच राज्याने तो केला. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. खानदेशातली फलटण तोवर केव्हाच जिल्हा पोलिसांत विरून गेली होती.

प्रश्न मात्र जिवंत राहिला, फक्त मैदान बदलले. अमेरिकेतल्या फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनी १९३६ पासून कॉलेजांतले खेळाडू वाटून घेण्याची पद्धत सुरू केली. तेव्हापासून तिथे दरवर्षी हाच खल चालतो: पोरगा बेफाम खेळतो, पण त्याच्या नावावर मारामारीची नोंद आहे, घ्यायचा का? योगायोगाने त्याच वर्षी आपल्याकडेही एक निवाडा झाला. इंग्लंडच्या दौऱ्यावर लाला अमरनाथ धावा काढत असताना बेशिस्तीच्या आरोपावरून त्यांना पहिल्या कसोटीच्या आधीच घरी पाठवले गेले. आरोप करणारे कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार होते आणि ते स्वतः खेळाच्या जोरावर कर्णधार झालेले नव्हते. नंतर मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमॉन्ट यांच्या समितीने चौकशी केली, तेव्हा ठपका महाराजकुमारांच्याच कारभारावर आला. अकरा वर्षांनी, १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर, स्वतंत्र भारताच्या पहिल्या संघाचे कर्णधार झाले ते हेच अमरनाथ.

निवड करणारे बहुधा एकाच बाजूचा कागद तपासतात. उमेदवाराने काय केले ते त्यात असते. त्याच्याशी काय केले गेले, त्याचा वाटा कोणी बुडवला, त्याच्यावरचा आरोप कोणी लिहिला, हे त्यात नसते. म्हणून पूर्वेतिहास विचारूच नये असे मात्र नाही. खाज्याच्या ताब्यात मेलेला कैदी खरा होता आणि नशिराबादच्या लोकांची लुटलेली घरेही खरी होती. गुणांच्या मोहात त्यांच्यावर पांघरूण घालणारा निवडकर्ता तितकाच चुकतो. धरणगावचे यश तिथे काही डोळेझाक झाली म्हणून आले नाही. भरती झाल्या दिवशी निकाल लागला असे कोणी मानले नाही, म्हणून ते आले. तिथे रोज पगार चुकता झाला, रोज कवायत झाली, रोज तक्रार ऐकली गेली, आणि विश्वास त्या रोजच्या कामातून दोन्ही बाजूंनी वाढला. संघ असो, कचेरी असो की पोलीस, चारित्र्याची हमी मागणाऱ्याने समोरचा आपल्याकडे कोणती हमी मागेल याचा विचार आधी करावा. डोंगरातल्या त्या पहिल्या मूठभर भिल्लांनी ती मागितली, आणि ती मिळेपर्यंत ते खाली उतरले नाहीत. त्या भरतीत माणसाची खरी पारख कोणी केली असेल, तर त्यांनी.